खुंटीवरची माळ

माझ्या मामांच्या घरी माजघराच्या भिंतीला एक सागवानी खुंटी होती, आणि दररोज दिवेलागणीच्या सुमारास त्या खुंटीला त्यांची तुळशीची माळ येऊन लटकत असे. मामा वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावी सहकारी सोसायटीचे गटसचिव होते. हिशेबाला चोख, बोलण्यात मृदू, एकादशी न चुकविणारे, आणि तरीही सूर्य मावळला की नाल्याकडच्या वाटेला लागल्यावाचून न राहणारे. निघण्यापूर्वी ते गळ्यातली माळ काढीत, दोन्ही डोळ्यांना लावीत, खुंटीला अडकवीत, आणि मगच पायांत वहाणा सरकवीत. रात्री परतले की माजघरात पाऊल न टाकता ओसरीवरच अंग टाकीत. सकाळी विहिरीवर स्नान उरकून ओल्या अंगाने आत येत आणि माळ पुन्हा गळ्यात घालीत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, तेव्हा एकदा त्यांना याचे कारण विचारले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाबू, माळ घालून पेलो तं पाप लागन. म्हून काढून ठेवतो."

गाव या प्रकाराला ढोंग म्हणे, आणि पुष्कळ वर्षे मीही तेच म्हणत आलो. आज माझे मत निराळे आहे. ज्याच्या ठिकाणी श्रद्धा मेलेली असते त्याला खुंटीची गरज पडत नाही. तो माळेसकट पितो, किंवा माळ कायमची उतरवून ठेवतो. आपण करतो ते अनुचित आहे हे ज्याला पुरते कळते, त्या अनुचिताचा स्पर्श आपल्या दैवताला होऊ नये म्हणून जो रोज संध्याकाळी एवढा खटाटोप करतो, आणि तरीही ते केल्यावाचून ज्याला राहवत नाही, असा तो मनुष्य होता. त्याला पापी म्हणावे तर पापाला लागणारी बेफिकिरी त्याच्यापाशी नव्हती. त्याला अज्ञानी म्हणावे तर ज्ञान त्याला आपल्यापेक्षा अधिक होते, कारण आपण त्याचे दुःख बाहेरून पाहत होतो आणि तो ते आतून जाणत होता.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन जो प्रश्न विचारतो तो मला या खुंटीपाशी उभा राहिल्यावाचून कधी नीट कळला नाही. कर्मयोगाचे सारे विवेचन ऐकून झाल्यावर तो विचारतो की, इच्छा नसतानाही, कोणी बळाने जुंपल्यासारखा, मनुष्य पापाचरणाकडे कशाने ओढला जातो? हा प्रश्न विचारणारा पुरुष दुर्बल नाही, अश्रद्ध नाही आणि मूर्खही नाही. म्हणून या प्रश्नाला मोल आहे. उत्तरात भगवंत कामाचे आणि क्रोधाचे नाव घेतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. या शत्रूची ठाणी कोठे कोठे बसली आहेत तेही सांगतात. इंद्रिये, मन आणि बुद्धी ही ती तीन ठाणी होत. इंद्रिये शत्रूच्या हाती गेली तर मन लढेल, मन गेले तर बुद्धी लढेल. परंतु ज्याच्या बुद्धीवरच शत्रूचे ठाणे बसले त्याने लढावे कोणाच्या जोरावर? "आजच्यापुरती, उद्यापासून नाही" हे वाक्य दारू पिणाऱ्याच्या जिभेने रचलेले नसते. ते त्याच्या बुद्धीने रचलेले असते, आणि तीच बुद्धी सकाळी त्याला दोष देत असते. ज्या न्यायाधीशाने निवाडा द्यावयाचा तोच प्रतिपक्षाला सामील झालेला, अशी ही फिर्याद आहे.

या प्रश्नाला वर्ध्याच्या मातीने दोन उत्तरे दिली, आणि ती दोन्ही मोठी आहेत. पहिले उत्तर व्रताचे. गांधीजींनी १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी आईपुढे मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांचा त्याग करण्याची शपथ घेतली होती, आणि आपल्या आयुष्याची नौका त्या शपथेने अनेकदा बुडताबुडता वाचविली असे ते पुढे सांगत आले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावी राहावयास आले (त्या गावाला सेवाग्राम हे नाव पुढे १९४० साली मिळाले) तेव्हा त्यांच्या आश्रमजीवनाचा पाया एकादश व्रते हाच होता, आणि त्यांत अस्वाद, म्हणजे जिभेवरचा ताबा, हे एक स्वतंत्र व्रत म्हणून गणलेले होते. धाम नदीच्या तीरावर पवनारला विनोबांनी १९३८ पासून जे जीवन मांडले तेही व्रतनिष्ठेचेच रूप. आणि केवळ आश्रमांपुरते हे राहिले नाही. वऱ्हाडातल्या शेंडगावच्या झिंगराजींचे आयुष्य दारूने अकाली संपले, आणि त्यांचा मुलगा डेबू पुढे गाडगेबाबा होऊन गावोगावच्या कीर्तनांतून श्रोत्यांना प्रश्न विचारीत त्यांच्याच तोंडून दारूचा धिक्कार वदवून घेऊ लागला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती बुद्धाच्या पाचव्या शीलाशी जोडलेली आहे. आमच्या जिल्ह्यातल्या हजारो घरांत ती प्रतिज्ञा आजही मनोभावे पाळली जाते. माळ, शील, शपथ, व्रत ही सारी एकाच वृक्षाची फळे. मनुष्य आपला शब्द स्वतःहून मोठा मानू शकतो या विश्वासावर ती धरलेली आहेत.

दुसरे उत्तर कायद्याचे. अबकारी उत्पन्न हा इंग्रजी अमदानीत सरकारी तिजोरीचा एक भरभक्कम आधार होता. दारूच्या दुकानांचे लिलाव होत, मक्तेदार मक्ते घेत, आणि गावातल्या शाळेचा खर्च त्याच तिजोरीतून निघे. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा गांधीजींनी संपूर्ण दारूबंदीचा आग्रह धरला आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत सुचविली. उत्तर आले की अबकारी उत्पन्न बुडाले तर शाळा बंद पडतील. मुलांना शिकविण्यासाठी बापांना दारू पाजावी लागावी ही गोष्ट गांधीजींना इतकी असह्य झाली की, शिक्षणाने आपला खर्च आपणच काढावा, मुलांनी हातांनी काम करीत शिकावे, या विचाराला त्यांनी त्याच वेळी उघड तोंड फोडले. आणि त्याच वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यात जी शिक्षणपरिषद भरली तिच्यातून नई तालीम जन्माला आली. चरखा आणि तकली यांच्याशी नई तालमीचे नाते सर्वांना ठाऊक आहे. दारूच्या पैशाला दिलेल्या नकाराशी तिचे जे नाते आहे ते फारसे कोणी सांगत नाही, आणि मला ते तिच्या इतिहासातले सर्वांत तेजस्वी पान वाटते. पुढे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदले गेले, १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला, आणि गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून १९७४ साली वर्धा जिल्हा दारूमुक्त घोषित झाला. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनाने १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. वर्ध्याची बंदी मात्र पन्नास वर्षे टिकून आहे.

टिकून आहे म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका उन्हाळ्यात सकाळी फिरावयास गेलो असता नाल्याच्या काठी पोलिसांची गाडी उभी होती. झुडपांच्या आड जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले प्लास्टिकचे ड्रम शिपायांनी उकरून काढले होते; झाकण निघाले की मोहफुलांचा आणि गुळाचा आंबूस, उग्र दर्प नाकात जाई. याला आमच्याकडे मोहा सडवा म्हणतात. एकामागून एक ड्रम उपडे झाले, तांबूस फेसाळ पाणी नाल्याच्या वाळूत मुरले, पंचनामा झाला, मुद्देमाल नष्ट केल्याची नोंद झाली, दोन पंचांनी सह्या केल्या. यांतला एक पंच मला ओळखीचा होता; सही करताना त्याचा हात कापत होता. भीतीने कापत नव्हता. सकाळचे आठ वाजले होते आणि त्याच्या अंगात अजून काही गेलेले नव्हते. ड्रम जप्त करणाऱ्या त्या मंडळींपैकी कोणालाही, अगदी सद्‌भावनेनेही, त्या हाताविषयी काही करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नव्हता. आणि त्या दिवशी माझ्या मनात प्रथम आले की वर्ध्याची दोन्ही उत्तरे मिळूनसुद्धा अर्जुनाचा प्रश्न पुरता संपत नाही.

मामांच्या बाबतीत तो कसा संपला नाही ते सांगतो. त्यांच्या सोसायटीची जुनी कीर्द पुढे कधीतरी माझ्या हाती आली. तिच्यात दिवसाच्या पहिल्या नोंदी वाकड्यातिकड्या, आकड्यांचे कान तुटलेले. आणि अकरानंतरच्या नोंदी छापल्यासारख्या सरळ. वाचणाऱ्याला वाटावे की दोन कारकून आळीपाळीने बसत असतील. प्रारंभी केवळ संध्याकाळी खुंटीवर येणारी माळ आता दुपारीही तेथे दिसू लागली होती, आणि शेवटी शेवटी तर ती सकाळच्या स्नानानंतर घटकाभर गळ्यात राही तेवढीच. अखेर एका कार्तिकात मामा नदी ओलांडून कौंडण्यपूरला गेले, वर्धेच्या पाण्यात उभे राहिले, आणि आजपासून थेंबही घेणार नाही अशी शपथ करून परतले. त्या दिवशी माळ खुंटीवर गेली नाही. घरात मामीने पुरण घातले.

तिसऱ्या रात्री मामा ओरडत उठले. अंग घामाने निथळत होते, हात थरथरत होते, भिंतीवरून मुंग्यांची रांग आपल्या अंगावर येते आहे म्हणून ते घोंगडीवरून काहीतरी वेचून वेचून फेकीत होते, आणि वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या वडिलांना हाका मारीत होते. मामीला त्यांनी ओळखले नाही. "यायले बाहेरचं लागलं," असे म्हणून ती कोपऱ्यात बसून रडू लागली. शेजारच्या गावाहून कोणी जाणता बोलावून आणला. लिंबे कापली गेली, अंगारा लावला गेला. गावातल्या एका वृद्धाने तर निकालच दिला की इतकी वर्षे खुंटीला टांगलेल्या माळेचा हा कोप आहे. पहाटे फटफटताना एका निवृत्त कंपाउंडराने ते पाहिले आणि एवढेच विचारले, "दारू कधी बंद केली?" त्याच्या हट्टाने मामांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले गेले, म्हणून ते वाचले.

माळेचा कोप नव्हता आणि बाहेरची बाधाही नव्हती. मद्य मज्जासंस्थेला मंद करते. वर्षानुवर्षे ते मंदत्व सोसताना मेंदू त्याच्याविरुद्ध आपला वेग वाढवून समतोल राखण्यास शिकतो. आणि मद्य एकाएकी थांबले की लगाम जातो व वेग तेवढा उरतो. पहिल्या दिवशी थरथर आणि घाम, एक-दोन दिवसांत कोणाला फिट, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना हा भ्रम, ज्यात नसलेले प्राणी दिसतात, ताप चढतो, हृदयाची गती बेताल होते आणि उपचार न झाल्यास मृत्यूही येतो. वैद्यकाला ही अवस्था दीर्घकाळ ठाऊक आहे. तिच्यावर शामक औषधे, सलाईन आणि ब-१ जीवनसत्त्व यांनी उपचार करता येतो, आणि पुढे ओढ कमी करणारी औषधेही मिळतात. ज्याने खरोखर मनापासून शपथ घेतली आणि जो ती अक्षरशः पाळू लागला, त्यालाच त्या शपथेने मृत्यूच्या दारी नेले, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही. व्रत खरे होते. परंतु व्रत धारण करणारे शरीर रोगी होते, आणि त्या शरीराची विचारपूस कोणी केली नव्हती.

गांधीजींना हे दिसले नव्हते असे नाही. १९२८ च्या प्रारंभी 'यंग इंडिया'त त्यांनी लिहिले आहे की मद्यपान हे दुर्गुणापेक्षा रोग अधिक आहे. सोडता आली तर आनंदाने सोडतील अशी कितीतरी माणसे आपण पाहिली आहेत. काहींनी स्वतः होऊन मोह दूर करण्याची विनंती केली, आणि मोह दूर केल्यावर त्यांनीच चोरून ती मिळविली. आणि म्हणून, ते म्हणतात, मोह दूर करणे चुकीचे ठरत नाही. रोग्याला त्याच्या स्वतःच्या विरुद्ध साहाय्य केले पाहिजे. स्वतःच्या विरुद्ध साहाय्य! नीतिशास्त्राची किती गहन गाठ या एका कल्पनेत बांधलेली आहे. मनुष्याच्या इच्छेचा मान राखावा हे खरे; पण इच्छा दोन असतील, एक सकाळची आणि एक संध्याकाळची, तर कोणत्या इच्छेचा? १९४१ च्या रचनात्मक कार्यक्रमात दारूबंदीला तिसरे स्थान देताना त्यांनी कायद्याच्या भरवशावर न राहता वैद्यांना आवाहन केले की दारू आणि अफू यांच्या अमलाखाली गेलेल्यांना त्यातून सोडविण्याचे उपाय त्यांनी शोधावेत. आणि थकल्याभागल्या मजुराला बसावयास, स्वस्त सकस खावयास व खेळावयास जागा मिळावी अशी विश्रामगृहे उघडण्यास सांगितले. त्या यादीतली बंदी आम्ही उचलली. वैद्य आणि विश्रामगृह मागे राहिले.

आणि मद्यपान हा रोग आहे हे त्यांनी पुस्तकातून शिकलेले नव्हते. त्यांचा थोरला मुलगा हरिलाल दारूच्या अधीन झाला होता. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अंतिम शय्येवर असताना तो नशेत भेटीस आला आणि त्या माउलीने कपाळ पिटून घेतले. वडिलांच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आतच, १८ जून १९४८ रोजी, मुंबईच्या एका रुग्णालयात त्याचा अंत झाला. लाखो लोकांच्या हातून ज्याने प्याला सोडविला त्याला आपल्या मुलाच्या हातून तो सोडविता आला नाही. याचा अर्थ काय लावावयाचा? गांधीजींचे व्रतबळ कमी पडले असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आत्मकथेत तर ते मुलाच्या दोषांत आपल्याच पूर्वायुष्याच्या असंयमाचा प्रतिध्वनी ऐकतात. मला येथे त्या महात्म्याशी विनयपूर्वक असहमत व्हावेसे वाटते. बापाच्या पापाचे फळ म्हणून मुलाचा रोग समजावून घेणे हीही शिक्षेचीच भाषा आहे, फक्त ती शिक्षा त्यांनी स्वतःला करून घेतली. एकाच्या व्रताने दुसऱ्याचा रोग बरा होत नाही, आणि अपराध कोणाच्याही पदरी घातला तरी रोग जेथल्या तेथे राहतो.

ज्या १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते त्याच साली अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांनी एकमेकांना धरून आपली सुटका करून घेतली आणि त्यांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी राहिली. तिची पहिली पायरी व्रतधाऱ्याला विचित्र वाटावी अशी आहे. व्रत म्हणते, मी करीन. ही पायरी म्हणते, माझ्याच्याने होत नाही. मात्र ही कबुली एकांतात द्यावयाची नसते, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसांच्या समोर द्यावयाची असते, आणि नंतर जन्माची शपथ न घेता केवळ आजच्या दिवसापुरते दूर राहावयाचे असते. मानसशास्त्रज्ञ युंग याने १९६१ साली विल्सनला लिहिलेल्या पत्रात असे सुचविले आहे की मद्याची तहान ही पूर्णत्वाच्या आत्मिक तहानेचेच एक हीन पातळीवरचे रूप असावे.

हे आपल्याला परके वाटावयाचे कारण नाही. भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बलाढ्य हत्ती, सरोवरात नक्राने धरलेला पाय, आणि वर्षानुवर्षे चाललेली ओढाताण. पाण्यात हत्तीचे बळ घटत जाते आणि पाणी हे नक्राचे घरच असल्यामुळे त्याचे बळ वाढत जाते. माझ्या दृष्टीने त्या कथेचे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे. हत्ती दुबळा नव्हता, झुंज पाण्यात चालली होती. आणि त्याची सुटका आपल्या सोंडेच्या जोरावर झाली नाही, हाक मारल्यावर झाली. कीर्तनकार ही हाक देवाला मारलेली आहे असे सांगतात आणि ते खरेच आहे. पण ज्या गावात हाक ऐकून कोणी धावत येत नाही तेथे देवाने तरी कोणाच्या पायांनी यावे? महाराष्ट्रात अशी हाक ऐकणारी जागा पुण्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी उघडली गेली. गर्दच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेली मुले पाहून अनिल अवचटांनी लिहिले, डॉ. अनिता अवचटांनी उपचाराचा भार उचलला, पु. ल. देशपांड्यांनी आधार दिला, आणि मुक्तांगण उभे राहिले. तेथे औषध आहे, सोबत आहे, आणि एकदा व्यसनातून बाहेर आलेला माणूस पुढच्याचा हात धरावयास उभा आहे.

आता माझे म्हणणे नेमके मांडतो. व्रत आणि कायदा या दोहोंबरोबर जे तिसरे हवे होते ते आमच्या जिल्ह्याला अपरिचित नव्हते; ते त्याने दुसऱ्या एका रोगाच्या बाबतीत सबंध देशाला शिकविले आहे. कुष्ठरोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानला जात होता. कुष्ठी दिसला की गाव दारे लावी, आणि १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला धरून अटकेत ठेवण्याची तजवीज केलेली होती. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. येरवड्याच्या कारागृहात गांधीजींचे सोबती असलेले संस्कृतज्ञ परचुरेशास्त्री कुष्ठाने पीडित होऊन सेवाग्रामला आले तेव्हा त्यांच्यासाठी गांधीजींनी आपल्या कुटीच्या जवळच कुटी बांधविली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. ती परचुरे कुटी आजही तेथे उभी आहे. आणि आमच्याच हिंगणघाटात १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे आनंदवन वसविले. पापापासून रोगापर्यंत आणि रोगापासून सेवेपर्यंतचा हा प्रवास आमच्याच परिसरात, एका पिढीच्या आत झाला. ज्या भूमीतल्या हातांनी कुष्ठ्याच्या जखमा धुतल्या त्याच भूमीत दारूने कापणारा हात अजून पंचनाम्याच्या कागदावर सही करण्यापुरताच कोणाच्या उपयोगाचा राहावा, हे मला फार मोठे अपुरेपण वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो क्षुद्र नाही. रोग म्हटले की जबाबदारी गेली. बायकोला मारणारा, लेकरांच्या तोंडचा घास विकणारा उद्या म्हणेल, मी काय करू, मी आजारी आहे. मामीच्या हातांवरचे वळ मी पाहिले आहेत, म्हणून हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण क्षयाच्या रोग्याला आपण निर्दोष मानतो आणि तरीही वाटेल तेथे थुंकू नको, औषध चुकवू नको, असे बजावतो. रोगाचा दोष त्याचा नाही, उपचाराचे उत्तरदायित्व मात्र त्याचे आहे, आणि त्याच्या घरच्यांचे रक्षण हे आपले आहे. आपला कायदाही हळूहळू याच दिशेने येतो आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी अधिनियमात पुढे ६४-अ हे कलम घातले गेले, आणि थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यासाठी पकडला गेलेला व्यसनी स्वतः उपचार घेऊ लागला तर त्याला खटल्यातून मोकळीक मिळू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे विकार मानसिक आजारांत गणले आहेत.

दुसरा आक्षेप असा की ही माणसे पुन्हा पुन्हा पडतात. पडतात. मामाही दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा माळ खुंटीवर गेली. परंतु हा प्रश्न तर अर्जुनानेच सहाव्या अध्यायात विचारून ठेवला आहे: श्रद्धा आहे पण प्रयत्न तोकडा पडला, मन मार्गावरून ढळले, अशा माणसाची गती काय? फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून नाहीसा होतो काय? आणि भगवंतांचे उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, गीतेतले सर्वांत करुणामय उत्तर आहे. योगभ्रष्टाचा नाश होत नाही. कल्याणाच्या वाटेला लागलेला दुर्गतीस जात नाही. जेथे तो थांबला होता तेथूनच त्याचा पुढचा प्रवास सुरू होतो, पूर्वीचे काहीच वाया जात नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत, तेव्हा श्रोत्यांत केवळ राजबंदी नव्हते. पडलेल्यांसाठी गीता आहे हे त्यांनी कृतीने दाखविले. एक वर्ष दारूपासून दूर राहून जो पुन्हा प्याला त्याचे ते वर्ष आपण बुडीत खाती जमा करतो. गीता ते जमेच्या बाजूला ठेवते, आणि अनुभवी डॉक्टरही तेच करतात.

ओघात एक गोष्ट सांगून ठेवतो. दारूमुक्त जिल्ह्याच्या प्रत्येक चौकात पन्नीत घोटून दिला जाणारा खर्रा दिवसभर विकला जातो. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण सुपारी-तंबाखू-चुन्याचा हा गोळा दहावीच्या पोराच्या गालातही दिसतो, आणि त्याला कोणी पापी म्हणत नाही. आपले पापपुण्याचे तराजू किती मनमानी आहेत हे यावरून दिसते.

भारत सरकारसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळालेला आहे, असे त्यात नोंदले आहे. उरलेले सदतीस कोठे आहेत हे विचारावयास लांब जावे लागत नाही. त्यांतले काही ओसरीवर निजलेले आहेत, काही पोलीस ठाण्यात बसले आहेत, आणि काही आज रात्री, कोणा देवापुढे अथवा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, अगदी खऱ्या मनाने शपथ घेत आहेत. वर्ध्याची दारूबंदी उठवावी असे मी म्हणत नाही; ती राहिलीच पाहिजे, कारण मोह दूर करणे हेही साहाय्यच आहे. पण प्रत्येक जप्तीच्या पंचनाम्यामागे एक खाटही असली पाहिजे, तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात असली पाहिजे, आणि तिच्याजवळ बसणारा एक माणूस असला पाहिजे.

मामा त्या कार्तिकानंतर अकरा वर्षे जगले, आणि त्यांतली शेवटची सात वर्षे खुंटी रिकामी होती. वाचकहो, आपल्या घरी, आपल्या शेजारी, रोज पिणाऱ्या कोणी आज एकाएकी दारू सोडली असेल, तर त्याला पेढा भरवा, त्याच्या शपथेचा मान राखा. परंतु तिसऱ्या रात्रीची वाट पाहू नका. जाणत्याला बोलावू नका, त्याला एकट्याला निजवू नका. उद्या सकाळीच त्याचा हात धरून त्याला डॉक्टरकडे न्या, आणि पहिली गोष्ट हीच सांगा की याने दारू केव्हा बंद केली.